दोष क्रमांक सहा

मी एक जुनी, छोटी, चार दारांची गाडी आहे. त्या चारांपैकी तीन दारे आतून उघडत असत. मित्रांनो, ही गोष्ट चौथ्या दाराची आहे. पण आपली कहाणी जन्मापासून सांगायची रीत आहे, म्हणून तेही थोडक्यात सांगते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. त्या दिवशी माझ्यासारख्याच दीडशे जणी तिथून बाहेर पडल्या, त्यामुळे आपण कोणी खास आहोत असा गैरसमज मला कधी झाला नाही. एका माणसाने माझी दारे बसवली. दुसऱ्याने प्रत्येक दार आतून आणि बाहेरून उघडून पाहिले आणि कागदावर खुणा केल्या. त्यानंतर माझी चारही दारे कोणी अशी तपासायला सतरा वर्षे जावी लागली.

मला ज्यांनी घेतले ते सरकारी नोकरीत होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू आणि वजने तपासायची, खरी असली तर शिक्का मारायचा, खोटी असली तर जप्त करायची, हे त्यांचे काम. गल्लीत त्यांना सगळे तराजूसाहेब म्हणत. दुकानदार त्यांना वचकून असत. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकावे लागे. "तपासणीच्या दिवशी सगळ्यांचेच काटे सरळ असतात. खरं बघायचं तर न कळवता जावं." पाहुणे मान डोलवत आणि चहा पीत.

त्यांच्या पत्नी शाळेत शिवण शिकवत. त्यांना सगळे बाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. मी घरी आले त्या दिवशी बाईंनी माझ्या फिक्या निळ्या बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "टाका नीट बसलाय." शिवणाऱ्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही, असे मला नंतर कळले. माझे नाव निळी पडले ते त्याच दिवशी.

पुढची सात-आठ वर्षे मी कचेरी, शाळा आणि बाजार अशी कामे केली. त्यात सांगण्यासारखे काही नाही. मला दर रविवारी धुतले जाई, दर सहा महिन्यांनी तेल बदलले जाई. कौतुकाचे दिवस असे बिनबोभाट जातात.

मग तराजूसाहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कचेरीने त्यांना पाच किलोचे एक लोखंडी वजन भेट दिले. सहा कोनांचे, वर कडी असलेले, शिक्का मारलेले. ते त्यांनी कौतुकाने कपाटावर ठेवले. पण पुढे ते माझ्या डिकीत आले आणि तिथेच राहिले. त्याचे कारण माझा हँडब्रेक.

मित्रांनो, माझ्या मापाच्या आणि वयाच्या गाड्यांची दुखणी साधारण ठरलेली असतात. हँडब्रेकची वायर ताणून ताणून सैल पडते. हेडलाइट हळूहळू मान वर करतात. टायर आतल्या कडेने झिजतात, बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट वळताना कटकट करू लागतो. सायलेन्सर खाली लोंबतो. मला हे सगळे झाले, एकेक करून झाले, आणि प्रत्येक दुखण्याबरोबर घराला एकेक नवी सवय लागली. माझा एक दिवा झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागला, तेव्हा साहेबांनी अंधारात गाडी काढणे बंद केले. बॉल जॉइंट कटकट करू लागला, तेव्हा रेडिओ थोडा मोठा झाला. सायलेन्सरला तार आली. आणि हँडब्रेक चढावर मला जेमतेम दोन मिनिटे धरू लागला, तेव्हा ते पाच किलोचे वजन चाक अडवायला उटी म्हणून मागे लागू लागले. दुरुस्ती एकाचीही झाली नाही. "चालतंय की," असे म्हटले जाई, आणि मी चालत होते हे खरेच आहे.

आता चौथ्या दाराकडे येते. ड्रायव्हरच्या शेजारचे ते दार. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात साहेबांनी पडद्याचा लांब दांडा माझ्यातून घरी आणला. तो काढताना त्यांनी जोर केला आणि दाराच्या आतला खटका मोडला. हँडल हातात आले. साहेबांनी ते डिंकाने जागच्या जागी चिकटवले. दिसायला अगदी धडधाकट, पण ओढले तरी दार उघडणार नाही असे. शनिवारी गॅरेजला नेऊ, असे ते स्वतःशीच म्हणाले. पण शनिवारच्या आधी गुरुवार आला.

गुरुवार हा बाईंचा दिवस होता. त्यांची थोरली बहीण टेकडीवरच्या वस्तीत राहते. बाई तिला ताई म्हणतात. बस टेकडीच्या पायथ्यालाच थांबते आणि ताईंचे गुडघे आणि बाईंचे डोळे या दोन्हींना तो चढ झेपत नाही. बाईंची नजर तेव्हापासूनच अंधूक होत चालली होती. आता त्यांना उजेड आणि माणसांच्या आकृत्या तेवढ्या दिसतात. दोघी बहिणींची भेट व्हायची ती माझ्यामुळेच. दर गुरुवारी, अकरा ते चार.

त्या गुरुवारी ताईंच्या दाराशी पोचल्यावर साहेब चटकन उतरले, माझ्या पुढून वळसा घालून आले आणि त्यांनी बाहेरून बाईंचे दार उघडले. बाई क्षणभर बसूनच राहिल्या.

"आज काय विशेष?" त्यांनी विचारले.

साहेबांनी खटक्याचे सांगायला तोंड उघडले. पण बाई हसत होत्या. त्यांनी साहेबांच्या हातात हात दिला आणि उतरल्या. दारात उभ्या असलेल्या ताईंना त्या म्हणाल्या, "बघितलंस? लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि आज यांना सुचलं." साहेबांनी दार लावून घेतले. शनिवारी ते गॅरेजला गेले नाहीत. नंतरच्या शनिवारीही नाही.

अशी नऊ वर्षे गेली. साहेब दर वेळी आधी डिकीतून वजन काढून चाकामागे लावत, मग वळसा घालून बाईंचे दार उघडत. बाई हात मांडीवर ठेवून वाट पाहत. हँडलला त्यांचा हात कधी लागलाच नाही. परतताना त्या कधीकधी सांगत, "ताई म्हणते, तिच्या ह्यांनी जन्मात असं केलं नाही. दाजी ऐकून न ऐकल्यासारखं करतात." साहेब रेडिओ आणखी थोडा मोठा करत. त्यांना लाज वाटत असे, आणि त्याच वेळी बरेही वाटत असे. मी दोन्ही पाहिले आहे.

तुम्ही विचाराल, मग दरवर्षीच्या तपासणीत हे सापडले कसे नाही? मित्रांनो, त्यासाठी तपासणाऱ्या माणसाचेच डोके लागते. साहेबांनी तीस वर्षे दुकानदारांच्या युक्त्या पकडल्या होत्या, त्यामुळे त्यांना त्या सगळ्या पाठ होत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी ते हँडब्रेकची वायर पिळून घट्ट करत. ती महिनाभर टिके. माझा दिवा खाली पाहू लागे. टायर पुढचे मागे होत. केंद्रावर माणूस दाराकडे आला की साहेब नम्रपणे म्हणत, "थांबा, जरा जड आहे, मी उघडतो," आणि बाहेरून उघडून देत. म्हाताऱ्या माणसाला कोण अडवणार? शिक्का मिळे. साहेब तो कागद काचेला आतून लावत आणि म्हणत, "निळीला काय धाड भरलीय?" झाकली मूठ सव्वा लाखाची, तसे आमचे चालले होते.

मग गेल्या वर्षी एका बुधवारी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने नवा तराजू आणला. बाईंनी त्याला जुनी वर्तमानपत्रे दिली होती आणि साहेबांना वजन कमी वाटले. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती, पण हाताची खाज गेली नव्हती. त्यांनी माझ्या डिकीतून ते पाच किलोचे वजन काढले आणि तरातरा कोपऱ्यावर गेले. तासाभराने ते परतले तेव्हा खुशीत होते. पायरीवर बसलेल्या बाईंना त्यांनी सांगितले, "ऐंशी ग्रॅम खात होता काटा. तिथल्या तिथं सरळ करून घेतला. म्हटलं, बाबा रे, खोटा काटा म्हणजे रोजची चोरी." हे सांगताना त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. वजन रद्दीवाल्याच्या टेबलावरच राहिले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, अशी म्हण आहे. ती मला त्या बुधवारी आठवली नाही, गुरुवारी आठवली.

गुरुवारी अकराला आम्ही ताईंच्या दाराशी पोचलो. तोंड चढाकडे, पाठ उताराकडे. साहेबांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढला. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरावे, असे त्यांना तीन जणांनी तीन वेळा सांगितले होते. पण न्यूट्रलमध्ये उभी केलेली गाडी ही त्यांच्या मते शिस्त होती. ते उतरले. डिकी उघडली. आत हात फिरवला. मग वाकून पाहिले. मग त्यांना रद्दीवाल्याचे टेबल आठवले.

त्यांनी घाईने इकडेतिकडे पाहिले आणि कुंपणाजवळचा एक दगड उचलायला पाच-सहा पावले गेले. दगड जमिनीत रुतलेला होता. ते तो हलवत असताना माझी वायर सुटली.

मला त्या वेळी काय वाटले, असे तुम्ही विचाराल. काही वाटले नाही. उतार असला की गाडी उतरते. मी आधी सावकाश आणि मग जरा जास्त वेगाने मागे जाऊ लागले. उताराच्या शेवटी मोठा रस्ता होता आणि त्यावरून ट्रक जात होते. साहेबांनी मागे वळून पाहिले आणि ते धावले. सत्तरीला आलेला माणूस धावतो तसे धावले. त्यांचा हात बाईंच्या दाराच्या बाहेरच्या हँडलपर्यंत पोचला आणि घसरला. आत बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

अकरा पावलांवर ताईंच्या शेजाऱ्याने बांधकामासाठी वाळू टाकली होती. रस्त्यात वाळू टाकली म्हणून सगळी वस्ती त्याच्यावर चिडली होती. मी त्या ढिगात पाठीने रुतले आणि थांबले. मोठा रस्ता तिथून फार लांब नव्हता.

साहेब दाराशी आले आणि त्यांनी ते उघडले.

"अहो, आज इतकी खाली का लावलीत?" बाईंनी विचारले. "आणि धापा का टाकताय?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "जरा मागं घेतली."

बाईंनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. साहेबांनी तो नेहमीपेक्षा घट्ट धरला. बाईंनी साहेबांच्या हातावर दुसरा हात ठेवला आणि त्या ताईंच्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला तपासणी केंद्रावर नेले. एकट्याने, सावकाश, रेडिओ बंद ठेवून. तिथे नवी तपासनीस आली होती. निळा डगला, हातात बत्ती, केस रुमालाने बांधलेले. तिने माझा कागद पाहिला.

"काका, तुमच्या पासिंगला अजून पाच महिने आहेत."

"माहितीय. म्हणूनच आणली," साहेब म्हणाले. "काल वायर आवळलेली नाही, दिवा सरळ केलेला नाही. जशी आहे तशी बघा. आणि एकूण एक लिहा."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने मला खड्ड्यावर घेतले. खाली उतरून तिने बत्ती लावली, लोखंडी पट्टीने चाके हलवली, टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवले. रोलरवर चाके फिरवून ब्रेक पाहिले. कटकट ऐकली, तार पाहिली. अशा गाड्यांची ती रोज दहा तरी पाहत असावी. मला तिचा हात आवडला. तो कीव करत नव्हता.

शेवटी ती दारांकडे आली. साहेब पुढे झाले नाहीत. ती आत बसली आणि तिने हँडल ओढले. ते तिच्या हातात आले.

"किती दिवस झाले याला?"

"नऊ वर्षं."

"इथं कोण बसतं?"

"आमची ही. तिला नीट दिसत नाही."

तपासनीसने हँडल उलटसुलट करून पाहिले. मग तिने लिहिले. "दिव्याचं, टायरचं मी समजू शकते," ती म्हणाली. "म्हातारी गाडी आहे, होणारच. पण माणूस आत कोंडून चढावर गाडी लावायची म्हणजे काय काका?" साहेबांनी मान खाली घातली. "घरापर्यंत हळू न्या. नंतर दुरुस्त होईपर्यंत जागची हलवू नका. आणि त्यांना यात बसवायचं नाही."

नापास. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

घराच्या पायरीला लागूनच माझी जागा आहे, त्यामुळे पायरीवरचे बोलणे मला सगळे ऐकू येते. बाई दोऱ्याचा गुंता सोडवत बसल्या होत्या. साहेब शेजारी बसले. त्यांनी डबीतून चष्मा काढला.

"कुठं गेला होतात?"

"पासिंगला. नापास झाली."

"निळी?" बाईंचा हात थांबला. "मग गुरुवारचं?"

"एकदोन गुरुवार चुकतील."

"वाचा बघू, काय काय लिहिलंय."

साहेब वाचू लागले. एक, हँडब्रेक धरत नाही. दोन, पुढचे दोन्ही टायर आतून झिजलेले. तीन, बॉल जॉइंट ढिला. चार, एक हेडलाइट वर. पाच, सायलेन्सर तारेने बांधलेला. ते थांबले. त्यांनी कागदाची घडी घातली. बाईंना तो कागद वाचता येणार नव्हता, आणि आज ना उद्या तो खटका गुपचूप दुरुस्तही झाला असता. हे त्या वेळी मला कळले, तर साहेबांना नक्कीच कळले असेल.

"संपलं?" बाईंनी विचारले.

"संपलं."

"मग डबीचा आवाज आला नाही तो. वाचून झालं की तुम्ही चष्मा डबीत ठेवता."

साहेबांनी घडी उलगडली. "सहा," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या शेजारचं दार आतून उघडत नाही."

समोरच्या घरात कोणीतरी नळ सोडला आणि बंद केला.

"कधीपासनं?"

"निवृत्त झालो त्या महिन्यापासनं. पडद्याचा दांडा आणला होता ना."

"म्हणजे पहिल्या दिवसापासनं," बाई म्हणाल्या. "आणि मी गावभर सांगत सुटले."

साहेबांनी मग गुरुवारचेही सांगितले. वजन, रद्दीवाला, दगड, वाळू, सगळे. बाईंनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "गाडी चाललीय हे मला कळलं होतं. मी दाराला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, तुम्ही याल."

हे ऐकून तराजूसाहेबांना रडू आले. बाईंनी त्यांची समजूत काढली नाही. त्या भिंतीला हात लावत आत गेल्या. त्यानंतरचे आठ-दहा दिवस त्या घरात फार कमी बोलणे झाले. बाईंना राग आला होता आणि तो रास्त होता. दोन गुरुवार चुकले. ताईंचे फोन येत. बाई म्हणत, "गाडी बिघडलीय," आणि फोन ठेवत. दाराचे त्यांनी ताईंना सांगितले नाही.

गॅरेजमध्ये माझे सगळे झाले. नवी वायर, नवे टायर, नवा जॉइंट. खटका बसवून मेकॅनिकने दार आतून दोनदा उघडून पाहिले आणि म्हणाला, "काका, हे तर वीस मिनिटांचं काम होतं." साहेबांनी पैसे मोजून दिले. त्याच तपासनीसने मला पुन्हा पाहिले, चौथ्या दाराशी जरा जास्त वेळ घेतला आणि शिक्का मारला.

तिसऱ्या गुरुवारी आम्ही टेकडीवर गेलो. वाटेत दोघे बोलले नाहीत. रेडिओ बंद होता आणि आता कटकटही नव्हती, त्यामुळे ती शांतता चांगलीच ऐकू येत होती. ताईंच्या दाराशी साहेबांनी मला उभे केले, गिअरमध्ये टाकले, हँडब्रेक ओढला. मी जागची हलले नाही. रद्दीवाल्याकडून परत आलेले वजन डिकीत होते. ते काढायची गरज नव्हती.

साहेब उतरले नाहीत. वळसा घालून जावे की नाही, हे त्यांना कळेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते बसून राहिले. ताई दारात येऊन उभ्या होत्या.

बाईंनी चाचपडत हँडल शोधले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांची बोटे त्यावर पडली. त्यांनी ते ओढले. खट्‌ असा आवाज झाला आणि दार चार बोटे उघडले. बाहेरची हवा आत आली. बाई थोडा वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी दार ओढून पुन्हा लावून घेतले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "उघडतंय. आता या."

साहेब उतरले आणि माझ्या पुढून वळसा घालून आले.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. अजून दोन-चार वर्षे मी चालेन, मग माझे पत्रे वेगळे होतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला एकच सांगते. तुमच्या घरी गाडी असेल तर आज तिच्यात बसा, ड्रायव्हरच्या जागी नको, शेजारी बसा, जिथे तुमचे माणूस बसते तिथे. दार लावून घ्या. मग ते आतून उघडून पाहा.